दोन एकर रान क्षारपड झालंय. दुरुस्त करावं की विकून टाकावं?

वारणाकाठचा:

नमस्कार मंडळी. आमचं रान वाळवा तालुक्यात आहे, सगळं मिळून पावणेपाच एकर. त्यातलं ओढ्याच्या अंगाचं सखल दोन एकर हळूहळू हातचं गेलंय. सुरुवातीला मधेच एखाद्या सरीत ऊस पिवळा पडायचा, उगवण विरळ व्हायची. मग टनेज घसरत गेलं. वडील सांगतात, याच तुकड्यात आडसाली लागणीला एकरी साठ टनांच्या वर ऊस निघायचा. शेवटचा खोडवा इतका बारीक होता की तोडणीची टोळी फडात उतरायला तयार नव्हती. आता तिथं काहीच नाही. उन्हाळ्यात वर पांढरं मीठ फुटतं, पावसाळ्यात पाणी तुंबून लव्हाळा आणि पाणकणीस माजतं, दिवाळी झाली तरी वाफसा येत नाही.

दुकानदाराच्या सांगण्यावरून जिप्समची पोती टाकून झाली, फरक नाही. मी पुण्यात नोकरीला, वय ३१, महिन्यातून एखादी फेरी होते. थोरला भाऊ म्हणतो, गिऱ्हाईक आलंय, पडून भावानं मागतंय पण रोख देतंय, देऊन मोकळं होऊ. वडील काही बोलत नाहीत, बांधावर जाऊन बसतात.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. असं रान पुन्हा पिकाखाली येतं का, आणि येत असेल तर सुरुवात कुठून करायची? दुसरी गोष्ट जरा वेगळी आहे. आमच्या ऑफिसात एका व्याख्यानात ऐकलं की जगात सगळ्यांना पुरेल इतकं अन्न आजही पिकतं, प्रश्न फक्त ते पोचवण्याचा आहे. ऐकल्यापासून डोक्यात येतं, मग आमच्या दोन एकरांनी कुणाचं काय अडतंय? एवढा खर्च आणि जीव त्यात कशाला घालायचा?

नमुना_माती:

आधी परीक्षण, मग बाकीचं. वरचीच माती खरवडून देऊ नका. एकाच जागी एक फूट, दोन फूट, तीन फूट अशा तीन थरांचे वेगळे नमुने घ्या, अशा तीन-चार जागा निवडा. प्रयोगशाळेला सांगून सामू, विद्युत वाहकता म्हणजे ईसी (हिच्यावरून मातीतलं मीठ कळतं), आणि विनिमययोग्य सोडियमचं प्रमाण या तिन्ही गोष्टी करून घ्या. नुसत्या नत्र-स्फुरद-पालाशच्या रिपोर्टचा इथं उपयोग नाही. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी देत असाल तर त्याचाही नमुना द्या.

ईसी ४ च्या वर, सामू साडेआठच्या आत आणि सोडियम १५ टक्क्यांच्या आत असेल तर जमीन क्षारयुक्त. सामू साडेआठच्या वर आणि सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. दोन्ही दुखणी वेगळी आणि औषधंही वेगळी. जिप्सम चोपणीला लागतं. क्षारयुक्त जमिनीत ते टाकणं म्हणजे मिठात मीठ. तुमच्या जमिनीचा प्रकार न बघता ज्यानं पोती दिली, त्याचं ऐकून पुढं काही करू नका.

इतिहासाच्या_बाई:

वयानं तू माझ्या विद्यार्थ्यांएवढा, म्हणून अरे-तुरे करते. मी शिरोळ तालुक्यातली. हायस्कूलला इतिहास-भूगोल शिकवला, आता पूर्ण वेळ शेती बघते. आमच्या शिवारात नेमकं हेच झालं होतं आणि आज तिथं पीक उभं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

विकू नकोस. दुरुस्त होणारं रान पडून भावानं देण्यासारखं दुसरं नुकसान नाही.

हे मीठ बाहेरून कुणी आणून टाकलेलं नसतं. काळ्या मातीत आणि पाण्यात ते थोडंथोडं आधीपासून असतंच. कोयना धरण झालं, कृष्णेला उन्हाळ्यातही पाणी राहायला लागलं, उपसा योजना उभ्या राहिल्या आणि काठाची रानं बारमाही भिजायला लागली. त्यातून माणसं शिकली, घरं बांधली, मुलींची लग्नं झाली, हे मी कधीच नाकारणार नाही. पण वीज रात्रीची आणि बिल कित्येक वर्षं हॉर्सपॉवरवर, कितीही वापरा तेवढंच. मोटर चालू करून माणूस घरी येऊन झोपतो आणि पाणी सकाळपर्यंत सरीतून वाहत राहतं. आपल्या भारी रानात निम्म्याहून जास्त चिकणमाती, त्यामुळं पाणी खाली सरकता सरकत नाही. जमिनीखालची पातळी वर येत जाते. ती मुळांपर्यंत पोचली की उन्हाळ्यात माती ते पाणी वर ओढून घेते, पाणी उडून जातं, मीठ वर राहतं. मग ऊस सुकल्यासारखा दिसतो. खरं तर पाणी असतं, पण मिठामुळं मुळांना ते ओढता येत नाही. शेतकऱ्याला वाटतं तहान लागलीय, म्हणून तो आणखी एक पाळी देतो आणि पातळी आणखी वर येते. ही साखळी तुझ्या वडिलांच्या एकट्याच्या हातून सुरू झालेली नाही. वरच्या अंगाला ज्यांची रानं आहेत, त्यांचं पाणी पाझरून तुझ्या सखल तुकड्यात येतंय. त्यामुळं वडिलांना उगीच लावून घेऊ देऊ नकोस.

तेव्हा औषध म्हणजे निचरा. बाकी सगळं त्याच्यानंतर. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणाला चिकटलेल्या सोडियमला हुसकावतं हे खरं, पण हुसकावलेला सोडियम पाण्याबरोबर खाली निघून गेला पाहिजे. वाटच नसेल तर तो तिथंच फिरत राहतो आणि पुन्हा चिकटतो. निचरा न करता टाकलेलं जिप्सम, गांडूळखत, शेणखत, काहीही असो, पैसे मातीत जातात.

आमच्याकडे शिवारातून ओढ्यापर्यंत जाणारा उघडा चर पूर्वी होता. जुन्या माणसांना तो लख्ख आठवत होता. पण चराची जागा म्हणजे उसाच्या दोन सऱ्या, म्हणून जो तो आपल्या हद्दीत तो बुजवत गेला. चर बुजला आणि पाच-सात वर्षांत खालच्या रानांत मीठ फुटलं. आम्ही शेजारी-शेजारी एकत्र बसलो ते या चरासाठी. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्रात जाऊन आलो. क्षारपड जमिनीवर तिथं वर्षानुवर्षं काम चाललंय, राहुरी विद्यापीठाचं ते केंद्र आहे. तूही आधी तिथं जा. पाइपच्या दुकानात नंतर.

भूमिगत निचरा म्हणजे काय ते सांगते, कारण ऐकून वाटतं त्यापेक्षा काम सरळ आहे. साधारण चार फूट खोल चर मारायचा आणि त्यात ८० मिलिमीटर व्यासाचा सच्छिद्र पाइप टाकायचा. अंगाला वळ्या असलेला हा पाइप असतो आणि त्याच्याभोवती गाळणीचं कापड गुंडाळलेलं येतं, म्हणजे बारीक माती छिद्रांत जाऊन बसत नाही. भारी रानात अशा दोन ओळींमधलं अंतर २० ते ३० मीटर, पण तुझ्या मातीला किती ठेवायचं ते मोजून ठरवतात. सगळ्या ओळी एका मोठ्या पाइपला जोडायच्या आणि तो ओढ्यात सोडायचा. यात जीव सगळा उताराचा. शंभर मीटरला वीस-तीस सेंटिमीटर एवढाच उतार द्यायचा असतो, म्हणून नजरेनं चालत नाही, लेव्हल मशीनच पाहिजे. आमच्याकडे एका ओळीत मधेच पाइपला झोल पडला होता, माणसानं मशीन लावून दाखवलं आणि तेवढी ओळ उकरून पुन्हा घालायला लावली. उभं राहून काम करून घे. एकदा माती लोटली की खालचं दिसत नाही.

पहिल्या मोठ्या पावसात ओढ्याच्या काठाला पाइपच्या तोंडाशी आम्ही सगळे जमलो होतो. आधी थेंब, मग बोटाएवढी धार, मग मनगटाएवढी, तांबूस-काळपट पाण्याची. माझ्या दिरांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले. नुसतं खारट नाही, तुरट आणि तोंड आवळणारं. एवढ्यावर आमच्या पिकांची मुळं जगत होती.

त्यानंतर लगेच उसाला हात घालायचा नाही. आम्ही आधी हिरवळीच्या खतासाठी धैंचा पेरला आणि फुलावर यायच्या सुमाराला रानातच गाडला. मग गहू. कुठलं पीक किती मीठ सोसतं याचे आकडे ठरलेले आहेत. मातीची ईसी साधारण ७.७ होईपर्यंत कापसाचं उत्पन्न घटत नाही, ज्वारीचं ६.८ पर्यंत, गव्हाचं ६ पर्यंत. भात ३ लाच मागं येतो. ऊस १.७ ला आणि कांदा १.२ ला. म्हणजे आपण नेमकं नाजूक पीक धरून बसतो आणि ते नीट येईना म्हणून खताची मात्रा वाढवतो. हरभरा, घेवडा तर सुरुवातीला अजिबात नको, मीठ त्यांना सोसत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न. तो पहिल्यापेक्षा मोठा आहे आणि मला तो विचारलास याचं बरं वाटलं.

आज जगात पुरेसं पिकतं, हे खरं आहे. पण ते कशाच्या जिवावर पिकतं ते बघ. जगातल्या लागवडीच्या जमिनीपैकी पाणी मिळणारी जमीन सुमारे २० टक्के, आणि अन्न त्यातून येतं ४० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ओलिताचं एक एकर गेलं तर कोरडवाहूच्या एका एकरापेक्षा कितीतरी जास्त ताटातून जातं. आणि आपल्या भागात मीठ फुटतं ते बहुतेक अशाच ओलिताच्या, नदीकाठच्या, उत्तम काळ्या रानात. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं २०२४ च्या डिसेंबरात जो अहवाल काढला, त्यात जगातली क्षारबाधित जमीन जवळपास १३८ कोटी हेक्टर दिली आहे, एकूण भूभागाच्या दहा टक्क्यांहून जास्त. त्यातली पुष्कळ मुळातच खारी आहे, पण माणसानं पाणी देऊन-देऊन खारी केलेलीही कमी नाही. आपल्या देशात ६७ लाख हेक्टर, महाराष्ट्रात सुमारे ६ लाख. तुझे दोन एकर या हिशोबात आहेत.

बरं, देशाची कोठारं भरलेली दिसतात ती पंजाबच्या भात-गव्हानं. तिथं जमिनीतून दरवर्षी जेवढं पाणी उपसणं परवडतं त्याच्या दीडपटीहून जास्त उपसलं जातं. हे मुद्दल मोडून खाणं आहे, आणि पुरेसं पिकतं असं म्हणताना आपण ते व्याज म्हणून मोजतो.

आणि पोचवण्याचं म्हणशील तर तेही वाटतं तितकं सोपं नसतं. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये उष्णतेच्या लाटेनं आपला गहू मारला, तिकडं युक्रेनचं युद्ध चालू, आणि मे महिन्यात आपण गव्हाची निर्यात बंद केली. २०२३ च्या जुलैत बिगर बासमती पांढऱ्या तांदळाचीही केली. जगाच्या तांदूळ व्यापारात ४० टक्क्यांच्या आसपास वाटा एकट्या भारताचा. बेनिन, सेनेगलसारखे आफ्रिकेतले देश आपल्या तांदळावर अवलंबून. त्यांना कुणी सांगितलं असेल का, की जगात अन्न पुरेसं आहे? टंचाईची नुसती चाहूल लागली की प्रत्येक देश आपलं दार लावून घेतो, आणि आपणही लावलंच. लावायला नको होतं असं मी म्हणत नाही. ज्याच्या स्वतःच्या जमिनीत दम नाही त्यानं अशा वेळी काय करायचं, एवढंच विचारते.

मी १९७२ साली शाळकरी मुलगी होते. अमेरिकेतून आलेली लाल मिलो ज्वारी आम्ही खाल्लीय. भाकरी लाल आणि चिवट व्हायची, लहान भाऊ ती बघून रडायचा. ती आली म्हणून जगलो, त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. पण आई रांगेत उभी राहून परकं धान्य आणायची, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी विसरलेले नाही.

इतिहास शिकवणाऱ्या बाईकडून एक शेवटचं. इराकमध्ये तैग्रिस-युफ्रेटिसच्या काठी, जिथं शेतीनं पहिली शहरं उभी केली, तिथल्या मातीच्या पाट्यांवर धान्याचे हिशोब लिहिलेले सापडले. १९५८ साली जेकबसन आणि अ‍ॅडम्स या दोन अभ्यासकांनी ते मांडून दाखवलं, की शतकांमागून शतकं गव्हाचा वाटा घटत गेला आणि बार्लीचा वाढत गेला, कारण बार्ली मीठ जास्त सोसते. पुढं बार्लीचंही उत्पन्न पडलं. कालव्याचं पाणी आणि निचऱ्याची वाट नाही, एवढंच कारण त्यांनी पुढं केलं. मी हे वर्गात शिकवायचे आणि खिडकीतून बाहेर बघितलं की शाळेमागचं पांढरं पडलेलं रान दिसायचं.

ऊसवाला:

बाई, नमस्कार. तुमचं लिहिणं दोनदा वाचलं. निचऱ्याबद्दल एक शब्द वावगा नाही. पण असल्या चर्चा शेवटी ऊस वाईट या गावाला जाऊन पोचतात, म्हणून आधीच लिहितो.

राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीत उसाचा वाटा चार-पाच टक्के आणि सिंचनाचं दोन तृतीयांश पाणी तोच पितो, हे वाक्य आम्ही शंभर वेळा ऐकलंय. ते आम्ही नाकारत नाही. पण एफआरपी म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये होता. तोडणी-वाहतूक जाऊन जे राहतं ते उशिरा का होईना खात्यावर येतं. सोसायटीचं कर्ज त्याच्यावर मिळतं. मालदांडी ज्वारीचा हमीभाव त्याच वर्षी ३,७४९ जाहीर झाला, पण आमच्या भागात त्या भावानं घेणारं केंद्र दाखवा. सरकार गहू-तांदूळ घेतं आणि रेशनवर देतं, ज्वारी बहुतेक बाजारावर सोडतं. मग अन्नाचं पीक घ्या असं आम्हाला कुणाच्या भरवशावर सांगताय?

आणि २०१९ चा, २०२१ चा महापूर आठवा. सोयाबीन, भुईमूग, भाजीपाला पाण्याखाली कुजून वास मारत होता. ज्याचा शेंडा पाण्याच्या वर राहिला तो ऊस काही ना काही देऊन गेला. नदीकाठचा माणूस ऊस लावतो तो आळशी म्हणून लावत नाही. दुसरं काही त्याच्या हातात राहत नाही म्हणून लावतो.

कर्नालचा_विद्यार्थी:

थोडी भर. कर्नालची केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्था १९६९ पासून यावरच काम करते, मी तिथं काही काळ होतो. हरियाणात कालव्याच्या पट्ट्यात गावंच्या गावं अशा पाइप निचऱ्यावर घेतली आहेत. तिथं अडचण पाइपची कधीच आली नाही. शेवटच्या टोकाला पंप बसवलेला असतो, त्याचं बिल कुणी भरायचं यावर गट मोडतात. ज्यांना ओढ्यात आपोआप उतार मिळतो त्यांनी नशीब समजावं. केआरएल-२१० हा क्षार सोसणारा गहू तिथलाच, पण तो उत्तर भारतासाठी शिफारस झालेला आहे, नाव ऐकून बी मागवू नका.

पैसे कमी असतील आणि माती चिकट असेल तर मोल निचराही आहे. ट्रॅक्टरला बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं अवजार लावून जमिनीत दीड-दोन फुटांवर पोकळ नळी ओढत न्यायची, पाइप लागत नाही. काही वर्षांत ती बुजते, पुन्हा ओढावी लागते. चोपण रानात मात्र माती विरघळून नळी लवकर बसते, तिथं नको.

वारणाकाठचा:

सगळ्यांचे मनापासून आभार. रिपोर्ट आले. वरच्या थरात ईसी ६.९, सामू ८.२, सोडियम १०.६ टक्के. खालच्या दोन थरांत ईसी थोडी कमी. परवा रविवारी वडिलांना घेऊन रानात खड्डा घेतला, अडीच फुटांवर पाणी लागलं. एप्रिल महिन्यात! भाऊ बघायला आला होता, तोही गप्प झाला. विकायचं सध्या थांबवलंय.

आता अडचण अशी आहे. ओढा आमच्या बांधाला लागून नाही. मधे दोघांची रानं आहेत. एकजण तयार होतील. दुसरे वडिलांच्या वयाचे, त्यांच्यात आणि आमच्यात बांधावरून जुना वाद आहे, वडील आणि ते कित्येक वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. त्यांच्या रानातून चर काढू देतील असं वाटत नाही. बाई, तुमच्याकडे कसं जमवलं?

नमुना_माती:

तुमची जमीन क्षारयुक्त आहे, चोपण नाही. जिप्सम बंद करा, लागतच नाही. निचऱ्याची वाट झाली की पावसाचं पाणी बांध घालून रानात अडवा आणि मुरू द्या, मीठ धुऊन जाईल. हा त्यातल्या त्यात सोपा प्रकार आहे.

इतिहासाच्या_बाई:

रिपोर्ट वाचून फार बरं वाटलं.

आधी ऊसवाल्या भाऊंना. ऊस सोडा असं मी लिहिलेलं नाही आणि म्हणणारही नाही, माझ्या रानात आजही ऊस आहे. खोडव्यावर खोडवा, निडवा धरत राहायचं आणि वरून पाटपाणी, याला माझा विरोध आहे. लागण आणि एक खोडवा झाला की मधे एक हंगाम गहू, ज्वारी किंवा ताग, पाचट न जाळता सरीत, आणि पाणी ठिबकनं. बेवड, म्हणजे आधीच्या पिकानं सुधारून ठेवलेलं रान, चांगला मिळाला की पुढच्या लागणीला खत कमी लागतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. ज्वारीच्या खरेदीबद्दल मात्र तुम्ही लिहिलंत ते शंभर टक्के खरं आहे. सरकारनं ज्वारी रेशनसाठी नियमानं, दरवर्षी, गावाजवळ घेतली तर नदीकाठचा माणूस आपणहून फेरपालट करेल. तोवर त्याला उपदेश करायचा अधिकार कुणाला नाही. महापुराचा मुद्दाही मान्य.

आता तुझ्या शेजाऱ्यांचं. चर काढू द्या असं म्हणूच नकोस. उघडा चर म्हटला की समोरच्याला आपल्या दोन सऱ्या गेलेल्या दिसतात. त्यांच्या रानातून जाणार आहे तो बंद पाइप, बिनछिद्राचा, चार फूट खाली. वर ते नांगरतील, पेरतील, एक इंच जागा जाणार नाही. कामाच्या वेळी उभं पीक असेल तर भरपाई तू देणार. बांधाजवळ एक चेंबर, साफसफाईला. हे सगळं स्टँप पेपरवर लिहून दे, आणि पुढं त्यांना त्यांचं रान जोडायचं असेल तर त्याच पाइपला जोडण्याचा हक्क त्यात पहिल्या ओळीत लिही. तेवढ्यासाठी मुख्य पाइप एक माप मोठा टाक. खर्च थोडा वाढेल, वाढू दे.

कारण एक बघ. तुझं रान सखल आणि ओढा त्याच्याही खाली. म्हणजे मधल्या रानांची पातळी काय वेगळी असणार आहे? त्यांच्या उसातही पिवळे ठिपके दिसत असतील, घरात बोलत असतील, बाहेर बोलत नसतील. आमच्याकडेही एक घर असंच अडून होतं. मी आणि माझ्या जाऊबाई त्यांच्या घरी गेलो आणि त्यांच्या सुनेशी बोललो, म्हाताऱ्या माणसाशी नाही. तिला म्हटलं, तुमच्या खालच्या बांधाला एक खड्डा घेऊन बघा, आम्ही माणूस पाठवतो. खड्ड्यात पाणी लागलं आणि पुढचं बोलणं त्यांच्याच घरातून सुरू झालं. तुझ्या वडिलांना पाठवू नकोस, भावाला आणि वहिनीला पाठव. जुना वाद काढायचा नाही, कुणी काढला तरी उत्तर द्यायचं नाही. तहसीलदारांकडे अर्ज वगैरे अगदी शेवटी. अर्जानं वाट मिळेल कदाचित, पण पाइप तुंबल्यावर ज्याच्या रानात उतरायचं त्याच्याशी बोलणं हवंच.

आणखी एक जबाबदारी तुझी. ओढ्यात जाणारं खारं पाणी खाली कुणाच्या विहिरीत किंवा मोटरीला लागत नाही ना, ते ओढ्यानं चालत जाऊन बघून ये. धुऊन काढायचं काम भर पावसात कर, ओढा आणि नदी दुथडी असताना. उन्हाळ्यात पाइपचं तोंड बंद ठेवता येईल असं झाकण आधीच बसवून घे. खालच्याच्या रानात आपलं मीठ सोडून आपलं रान चांगलं करायचं नाही.

कसबे डिग्रजला हे रिपोर्ट घेऊन याच आठवड्यात जा आणि दोन्ही शेजाऱ्यांच्या रानासकट लेव्हल काढून घे. पाऊस लागला की काळ्या रानात मशीन उतरत नाही, मग काम थेट पुढच्या उन्हाळ्यावर जातं.